माल शेठचा, जोखीम आपली

आपल्या वस्त्यांतील अनेक तरुण आता मालवाहतुकीच्या धंद्यात येत आहेत. नांदेडचा नवा मोंढा असो की लातूरची गंजगोलाई, सकाळपासून टेम्पो भाड्याची वाट पाहत उभे असतात. २००५ साली टाटाची छोटी गाडी आली, लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हटले आणि थोड्या भांडवलात हा धंदा करता येऊ लागला. कोणी हप्त्यावर गाडी घेतो, कोणी दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून लागतो. गाडी हाकायला महिनाभरात येते. ‘नाही’ म्हणायला शिकायला मात्र वर्षे जातात, आणि घर बुडते ते तेथेच. म्हणून नव्या चालक बांधवांना चार गोष्टी सांगाव्यात असे आम्हास वाटते.

पहिली गोष्ट लायसनची. हलक्या मोटार वाहनाचे लायसन असेल तर एकूण ७,५०० किलो वजनापर्यंतची मालगाडी त्यावर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी हा निकाल दिला आहे. तेव्हा ‘तुझे लायसन चालत नाही’ म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नये. विमा, फिटनेस आणि पीयूसी यांच्या तारखा मात्र घरातील कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात. दुसऱ्याची गाडी असली तरी हे कागद पाहिल्याशिवाय किल्ली हाती घेऊ नये.

दुसरी गोष्ट वजनाची. गाडीचे रिकामे वजन आणि भरलेले वजन आरसीवर लिहिलेले असते. दोन्हींची वजाबाकी करा. ती आपली हद्द. पाऊण टनाच्या गाडीत पन्नास किलोची फार तर पंधरा पोती. सोयाबीनच्या हंगामात अडत्या म्हणतो, “अरे, तीस टाक, जवळच तर जायचंय!” तीस पोती म्हणजे दीड टन, बरोबर दुप्पट. अशा गाडीचा ब्रेक वेळेवर लागत नाही, टायर तापून फुटतो आणि वळणावर गाडी कलंडते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार जादा वजनाला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च. वजन करू देण्यास नकार दिला तर ४०,००० रुपये. आणि कायदा चालकालाही धरतो. त्या वेळी अडत्या काट्यावर येऊन उभा राहत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मालाच्या गाडीत माणसे बसवू नका. लग्नसराईत वऱ्हाड, काढणीला मजूर, जयंतीच्या मिरवणुकीला मुले, सगळे टेम्पोतच चढतात. भावकीतील माणूस म्हणतो, “दादा, आपलीच माणसं हायत, बसू दे की.” आपलीच माणसे आहेत म्हणूनच नाही म्हणायचे! मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मालासोबत बसला तर त्याला विम्याचे संरक्षण आहे. फुकट बसलेल्या किंवा भाडे देऊन बसलेल्या प्रवाशाला ते नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितले आहे. अपघात झालाच तर भरपाईचा बोजा शेवटी गाडीमालकावर येतो. गाडी तर जातेच, घर आणि शेतही जाते. ज्यांची माणसे गेली त्यांच्या दारात उभे राहण्याचे तोंडही उरत नाही.

चौथी गोष्ट कागदाची. भरताना आणि उतरवताना पोती स्वतः मोजा आणि बिल्टीवर पोहोचेची सही घ्या. हमाली आणि वाराई कोण देणार हे गाडी भरण्यापूर्वीच ठरवा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाख रुपयांवरचा माल असेल तर साधारणपणे ई-वे बिल लागते; तेलंगणा किंवा कर्नाटकात जायचे असेल तर पन्नास हजारांवरच. ‘बिल मागून पाठवतो’ म्हणणाऱ्याचा माल घेऊ नका.

रस्त्याविषयी थोडेसे. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूरला जाताना गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्री मागच्या दिव्याविना चालतात. मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेला माणसे व जनावरे रस्त्यावर असतात. रात्री वेग कमी ठेवा. डोळा लागू लागला की चहा-तंबाखूवर भागवू नका. गाडी बाजूला घेऊन झोपा. आणि परतीच्या पावसाची ताडपत्री उन्हाळ्यातही गाडीत असू द्या.

शेवटी हिशेब. भाडे आले की ती कमाई नव्हे. डिझेल, हप्ता, टायर, विमा आणि रिकामी परतीची फेरी वजा केल्यावर उरते ती कमाई. भगिनींना आमची विनंती आहे की, ही वही तुम्ही ठेवा. रोज रात्री किलोमीटर आणि डिझेल लिहा. महिन्याच्या शेवटी कोणते भाडे परवडते आणि कोणते नाही हे वहीच सांगेल. मग ‘नाही’ म्हणताना नवऱ्याला एकटे वाटणार नाही.

नकार दिला तर एखादे भाडे जाईल, हे खरे. पण ज्याची पोती मोजून पुरी आणि कोरडी पोहोचतात, त्या चालकाला व्यापारी पुन्हा शोधत येतो. तेवढा धीर पहिल्या वर्षी धरा.