वॉटसनच्या लोखंडावर हक्क कुणाचा?

हिंगोली जिल्ह्यातल्या हट्टा गावात दगडी पायऱ्यांची जुनी बारव आहे. मुंबईत काळ्या घोड्याच्या कोपऱ्यावरचे वॉटसन हॉटेल, म्हणजे आजचे एस्प्लनेड मॅन्शन, वाचवा असे म्हटले की अशा गावातला माणूस विचारणारच : आमच्या बारवांना वाली नाही, आणि गोऱ्यांच्या हॉटेलसाठी कसले गळे काढता? प्रश्न रास्त आहे. पण बारवेकडे झालेले दुर्लक्ष हे हॉटेल पाडायचे कारण कसे होते?

आधी हे हॉटेल कुणाच्या जिवावर उभे राहिले ते पाहावे. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस आटला आणि हिंदुस्थानातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाने मुंबईचा कोट पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर नवे शहर वसले. जॉन हडसन वॉटसन हा तिथला कापडव्यापारी. त्याच्या इमारतीचा आराखडा ऑर्डिश या अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाच्या छपरातही त्याचा हात होता. लोखंडी खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये घडवल्या गेल्या, जहाजाने आल्या आणि 1860च्या दशकाच्या अखेरीस इथे जोडल्या गेल्या. कारागिरी तिकडची, पण तिच्यामागच्या भरभराटीत इथल्या शेतकऱ्याच्या कापसाचा वाटा मोठा. मग ही वास्तू फक्त इंग्रजांची कशी?

दुसरा आक्षेप असा की हॉटेल फक्त युरोपीयांसाठी होते. होतेच. जमशेटजी टाटांना इथे दार बंद झाले म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, ही लाडकी कथा मात्र सांगोवांगीची. इतिहासकारांनी तिच्यावर शंका घेतली आहे. अपमानाचा खात्रीचा दाखला हवा तर तो मार्क ट्वेनचा आहे. 1896 मध्ये तो वॉटसनमध्ये उतरला होता. तिथे एका युरोपीय माणसाने नोकराच्या तोंडात मारली, नोकराने ती निमूट सोसली, आणि ट्वेनला आपल्या लहानपणची मिसुरीतली गुलामगिरी आठवली. हे त्याने पुढे आपल्या प्रवासवर्णनात लिहिले. इमारत पाडून ती थप्पड पुसली जाणार नाही. उलट ती कुठे बसली हे दाखवायची जागा तेवढी जाईल.

त्याच वर्षी, 7 जुलैला, ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचा हिंदुस्थानातला पहिला खेळ इथेच झाला. तिकीट एक रुपया. तीनच वर्षांत सावेदादा भाटवडेकरांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती कॅमेऱ्यात टिपली. मराठी माणसाला सिनेमाचे मूळ शोधायचे तर याच कोपऱ्यावर यावे लागते.

उरला खरा आक्षेप : इमारत धोकादायक आहे. 2005 मध्ये सज्जाचा भाग कोसळून एक माणूस गेला. त्यावर वारशाची सबब चालत नाही. 2019 मध्ये म्हाडाने इमारत रिकामी करून घेतली, आयआयटी मुंबईच्या अहवालाचा कौलही पाडण्याकडे गेला. जतनतज्ज्ञ मात्र दुरुस्ती शक्य असल्याचे सांगत राहिले.

इथे धातूचा स्वभाव समजून घ्यायला हवा. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दाब उत्तम सोसते, ताण सोसत नाही, वाकण्याआधी तडकते. म्हणून अशा सांगाड्यावर वाटेल तो बोजा चढवता येत नाही. हॉटेल बंद झाल्यावर खोल्यांच्या कोंदट कचेऱ्या झाल्या, आडभिंती उठल्या, पाणी मुरले. वर भाडे गोठवणारा कायदा. मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला जागा सोडवेना. हे दोष वयाचे नाहीत, वापराचे आहेत.

शिवाय जी रचना तुकड्यातुकड्यांनी आणून बोल्टांनी जोडली, ती उकलून तपासताही येते. प्रत्येक खांबाला क्रमांक द्यावा, तडकलेला भाग बदलावा, नंतरच्या भिंतींचा बोजा उतरवावा. बाहेर काढलेल्या भाडेकरूंचे हक्क काम सुरू होण्यापूर्वी लेखी नोंदवावेत, आणि खर्चात मालक, सरकार, महापालिका यांचा वाटा किती हे आधीच ठरवावे.