कुंडलिकेचा काठ कोणाचा?

जालना नगरपालिकेचे 2023 साली महानगरपालिकेत रूपांतर झाले. या नव्या मानाबरोबर नवी जबाबदारीही आली आहे. जुना जालना आणि कादराबाद यांच्या मधून वाहणाऱ्या कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवरील भूमीचा वापर कसा व्हावा, हे आता ठरवावे लागेल. कापसाच्या पेठेने ज्या शहराला ‘सोन्याचा पाळणा’ म्हणविले, तेथील पोलादाचे कारखाने औद्योगिक वसाहतीत उभे राहिले. नदीच्या वाट्यास मात्र सांडपाणी आले. तो काठ सुधारला पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु सुधारणा कोणासाठी, हा खरा प्रश्न आहे.

मुंबईचा अनुभव याबाबत बोलका आहे. 1982 च्या संपानंतर गिरण्या ओस पडू लागल्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक हिस्सा उद्यानांसाठी, एक घरांसाठी आणि एक मालकांसाठी राखला. हेतू उदात्त होता. पण 2001 साली दुरुस्ती झाली आणि ही वाटणी मुळातच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरण्या पाडून मोकळी होणारी जागा हिशेबातून वगळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली ही दुरुस्ती वैध ठरविली. थोड्या शब्दांच्या फेरफाराने उद्यानांची व घरांची मोठी जमीन शहराच्या हातून निसटली. उद्दिष्टे मोघम असली म्हणजे लाभ बलवंताच्या पदरी पडतो, हाच त्याचा धडा होय.

म्हणून कुंडलिकेच्या काठासाठी तीन उद्दिष्टे निःसंदिग्ध शब्दांत लिहिली जावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. पहिले, पूररेषा. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा जमिनीवर आखल्याखेरीज एकही परवाना देऊ नये. निळ्या रेषेच्या आत नदीखेरीज कोणाचाही हक्क नसावा. दुसरे, काठावरची सलग पट्टी सार्वजनिक मालकीची राहावी. भराव घालून तिचे भूखंड पाडले जाऊ नयेत. तिसरे, काठावर राहणाऱ्या व हातावर पोट असणाऱ्या माणसांचे पुनर्वसन सुशोभीकरणाच्या आधी व्हावे. दिव्यांच्या रांगा आणि फरसबंदी म्हणजे विकास नव्हे.

घाणेवाडी तलावातील गाळ उपसण्यास जालनेकर स्वतः पुढे सरसावले होते. पाण्याची किंमत या शहराला कोणी शिकवावी असे नाही. आराखडा प्रसिद्ध होताच हरकती व सूचना नोंदविण्याची मुदत असते. तिच्यात नकाशा समोर ठेवून प्रत्येक भूखंडाचा रंग तपासणे, हे सुशिक्षित नागरिकांचे कर्तव्य होय. सभागृहातील ठराव मागाहून बदलता येतो; नदीत उभी राहिलेली इमारत हटविणे अत्यंत कठीण!