निरंकाची नोंद

दर चार वर्षांनी देशातील वाघांचा आकडा समारंभपूर्वक जाहीर होतो, दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रे तो पहिल्या पानावर छापतात, त्याखाली राज्याराज्यांच्या चढाओढीचे कोष्टक येते, आणि २०२२ च्या गणनेत महाराष्ट्राचे ४४४ वाघ भरले हे वाचून, ज्यांनी वाघ पिंजऱ्याबाहेर क्वचितच पाहिला असेल असे आपण नागरिकही काही काळ ताठ मानेने वावरू लागतो. या आनंदाला आमची हरकत नाही. मात्र तो आकडा कोणी, कसा आणि कोणत्या दडपणाखाली मिळवला याची विचारपूस केल्यावाचून त्याचे कौतुक करणे म्हणजे जमाखर्चाची वही न उघडताच शिल्लक मान्य करण्यासारखे आहे.

संरक्षित जंगलाची वाटणी, खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे, परिक्षेत्र, परिमंडळ आणि शेवटी नियतक्षेत्र, म्हणजे बोलीतले बीट, अशी झालेली असते आणि त्या शेवटल्या तुकड्याची जोखीम वनरक्षकावर असते. गणनेच्या हंगामात तो, आणि हल्ली पुष्कळ ठिकाणी ती, एकदोन वनमजुरांना बरोबर घेऊन पहिले तीन दिवस रोज किमान पाच किलोमीटर मांसभक्षक प्राण्यांच्या खुणा धुंडाळीत हिंडते: नाल्याच्या ओल्या वाळूतील पाऊलठसा, वाटेच्या कडेची विष्ठा, झाडाच्या सालीवरील नखांचे ओरखडे. पुढील तीन सकाळी हीच मंडळी, ज्या आखीव सरळ रेषेला कर्मचारी ट्रान्झेक्ट लाइन म्हणतात, त्या सुमारे दोन किलोमीटरांच्या रेषेवरून निःशब्द चालतात आणि चितळ, सांबर, गवा, रानडुक्कर, जे दृष्टीस पडेल त्याची संख्या, होकायंत्रावरील दिशा आणि अंतर लिहून घेतात. मग त्याच रेषेवर दर चारशे मीटरला थांबून झाडांच्या जाती, जमिनीवरील गवत, तोडलेल्या फांद्या, गुरांचा वावर यांचा तपशील भरायचा, आणि दोन मीटर रुंद व वीस मीटर लांब अशा पट्ट्यात उकिडवे बसून, पाचोळा हाताने बाजूला सारीत, लेंड्या मोजायच्या. चितळाची कोणती, भेकराची कोणती, हे नजरेने ओळखावे लागते. एका जागेवर पडलेला भलामोठा ढीग दहा नीलगायींचा नसून एकीच्याच वारंवार येण्याचा असू शकतो, हे ध्यानात ठेवावे लागते. पाठ धरते, गुडघे भरून येतात, गोचीड चिकटतात, आणि पुढल्या चारशे मीटरवर पुन्हा तेच. अशा पायपिटीची बेरीज २०२२ च्या गणनेत ६,४१,४४९ किलोमीटर झाली.

या नोंदी ज्या प्रपत्रांत भरल्या जातात त्यांतील ज्या शेऱ्याकडे आम्हांस वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे तो शेरा म्हणजे 'निरंक'. सबंध सकाळ चालून काहीच आढळले नाही, तर वनरक्षकाने काय लिहावे? उत्तर सोपे वाटते. पण वास्तविक सारे शास्त्र या एका शेऱ्याच्या प्रामाणिकपणावर उभे आहे. खूण न आढळण्याचे अर्थ दोन: प्राणी त्या ठिकाणी नाही, अथवा तो आहे परंतु आपल्या नजरेतून निसटला. एकाच प्रदेशात पुनःपुन्हा शोध घेतला, म्हणजे आढळणे आणि न आढळणे यांच्या प्रमाणावरून, निसटण्याचा संभव किती, हे गणिताने काढता येते. डॅरिल मॅकेन्झी, जेम्स निकल्स प्रभृती संख्याशास्त्रज्ञांनी २००२ साली ही रीत सुव्यवस्थितपणे मांडली, आणि आज जगभर वन्यजीवांच्या वसतिस्थानांचे नकाशे तिच्या आधारे काढले जातात. या रीतीत निरंक ही उणीव नसून पुरावा आहे. कोणा वनरक्षकाने वरिष्ठांच्या नाराजीला भिऊन, किंवा कंटाळून, निरंकाच्या जागी एक ठसा लिहून टाकला, तर ते असत्य त्या प्रपत्रापुरते राहत नाही. निसटण्याच्या संभवाचा हिशेबच बिघडतो आणि त्याच्या शेजारच्या दहा बीटांतील खऱ्या नोंदींवरही त्याची छाया पडते.

निरंक लिहिण्याची मुभा उरली नाही, म्हणजे काय घडते याचा दाखला राजस्थानात सरिस्का येथे मिळाला. पूर्वी वाघांची शिरगणती पाऊलठशांवरून होत असे. ओडिशातील वनाधिकारी सरोजराज चौधुरी यांनी १९६६ च्या सुमारास ती पद्धत घालून दिली: ठशावर काच धरून त्याची आकृती उतरवून घ्यायची, प्लास्टरचा साचा काढायचा, आणि आकारावरून हा अमका वाघ, हा तमका, असा निवाडा करायचा. या पद्धतीच्या जनकाच्या निष्ठेविषयी संशय घेण्याचे कारण नाही. जंगल तळहाताप्रमाणे जाणणाऱ्या माणसाच्या हाती तिने कामही दिले असेल. परंतु ती खात्याच्या हुकमाने देशभर राबवली जाऊ लागली, प्रकल्पाचा लौकिक आणि अंमलदाराची बढती आकड्याच्या चढत्या कमानीशी जोडली गेली, आणि दप्तरात वाघ वाढत राहिले. सरिस्कात २००४ साली कागदोपत्री पंधराहून अधिक वाघ नांदत होते. २००५ च्या प्रारंभी शहानिशा झाली तेव्हा शिकाऱ्यांनी शेवटचा वाघसुद्धा केव्हाच संपवला असल्याचे उघड झाले. त्यानंतर पर्यावरणतज्ज्ञ सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले गेले, ठशांची शिरगणती मोडीत निघाली, आणि २००१-०२ च्या खानेसुमारीत ३,६४२ असलेला देशाचा आकडा २००६ च्या नव्या गणनेत १,४११ वर आला. दोन पद्धतींचे आकडे एका तराजूत घालता येत नाहीत हे खरे. तरीही निम्म्याहून कमी झालेला आकडा सरकारी शिक्क्यानिशी प्रसिद्ध करण्यास जे धैर्य लागले, त्याची दखल आपण पुरेशी घेतली नाही असे आमचे मत आहे.

खोट्या नोंदीचे आयुष्य किती लांब असू शकते, याची एक कथा आपल्या खानदेशातीलच आहे. रानपिंगळा नावाचे छोटे घुबड १८७३ साली पक्षिशास्त्रज्ञ ह्यूमने शास्त्राला परिचित करून दिले. १८८४ नंतर त्याचा विश्वसनीय नमुना कोणाच्याही हाती लागला नाही. अपवाद एकच: ब्रिटिश पक्षिसंग्राहक कर्नल माइनर्ट्झहेगन यांनी १९१४ साली गुजरातेत तापीकाठी मांडवीनजीक मिळाल्याचे सांगितलेला नमुना. अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञ पामेला रॅस्मसेन यांनी त्याची कसून तपासणी केली, तेव्हा तो खानदेशात अंमलदार असलेल्या डेव्हिडसनने एकोणिसाव्या शतकात जमवलेल्या नमुन्यांपैकी असून, ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, नवी चिठ्ठी लावून परत तेथेच ठेवलेला होता असे सिद्ध झाले. ती चिठ्ठी बाजूस सारून जुन्या अस्सल नोंदींच्या मागावर निघालेल्या रॅस्मसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात तो पक्षी जिवंत दिसला. मेळघाटातही तो पुढे आढळला. डेव्हिडसनने आपल्या नमुन्यांवर ठिकाण आणि तारीख इमानाने लिहिली नसती तर शोध करायचा कोठे, हेही कोणास उमगले नसते.

जाता जाता, बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरे मोजण्याचा जो सोहळा आपल्याकडे होतो, त्याला वनखाते आता निसर्गानुभव म्हणू लागले आहे, हे बरे झाले. चांदणे आणि डबा यांनी संख्याशास्त्र होत नाही.

आजच्या गणनेचा दुसरा आधार स्वयंचलित कॅमेऱ्यांचा. वाघाच्या दोन कुशींवरील पट्टे परस्परांशी जुळत नसल्याने वाटेच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर कॅमेरे लावावे लागतात. त्या पट्ट्यांवरून वाघ ओळखून, तो किती वेळा पुन्हा टिपला गेला यावरून न दिसलेल्यांची संख्या काढण्याचा पाया आपल्याकडे वन्यजीवशास्त्रज्ञ उल्लास कारंथ यांनी नागरहोळेत १९९० च्या दशकात घातला. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील संशोधकांपुढे २०२२ साली अशी ४,७०,८१,८८१ छायाचित्रे आली. वाघाची त्यांत ९७,३९९ होती, म्हणजे दर पाचशेंत सुमारे एक. उरलेल्यांत अन्य जनावरे, गुरे, माणसे आणि वाऱ्याने हललेले गवत. संगणक बरीच चाळणी करतो, पण शेवटची खातरजमा माणसाच्या डोळ्यांनीच होते, आणि कॅमेरा कोणत्या वळणावर बांधावा, हे त्या वळणावरून वर्षानुवर्षे गेलेल्या वनमजुरालाच विचारावे लागते. कारंथ आणि संस्थेचे शास्त्रज्ञ यांच्यात पद्धतीविषयी झालेला वाद कडवट होता. तथापि असे वाद झाले पाहिजेत, आणि ते नीट व्हावेत म्हणून मूळ नोंदी बाहेरच्या अभ्यासकांस पाहू दिल्या पाहिजेत. चोरट्या शिकारीच्या भयास्तव नेमके ठिकाण झाकून ठेवावे, हे समजते. सर्वच मजकूर झाकावा, हे समजत नाही.

आता ताडोबाची हकीकत. २० नोव्हेंबर २०२१ रोजी सकाळी कोलारा परिक्षेत्रात वनरक्षक स्वाती ढुमणे तीन वनमजुरांसह याच खुणांच्या सर्वेक्षणास पायी निघाल्या होत्या. वाटेवर वाघीण बसलेली दिसली. पर्यटकांत 'माया' या नावाने प्रसिद्ध असलेली ती वाघीण उठण्याची त्यांनी काही वेळ वाट पाहिली, ती उठेना, तेव्हा रानातून वळसा घालून पुढे जाण्याचा प्रयत्न केला. त्या प्रयत्नात वाघिणीने ढुमणे यांचा बळी घेतला. पायी सर्वेक्षण काही काळ स्थगित झाले. ज्या वाघिणीचे छायाचित्र घेण्यास लोक बंदिस्त नसली तरी निदान चारचाकी अशा गाडीतून जातात, तिच्या मुलखात ही बाई प्रपत्र भरण्यासाठी पायी गेली होती. वाघिणीस दोष देण्यात अर्थ नाही. दोष कोणाला द्यावा हेही आम्ही ठरवीत नाही. परंतु वाट अडली असता माघारी फिरणे हा कर्तव्यात कसूर नव्हे, आणि त्या दिवसाचा रकाना 'वाघीण वाटेवर, सर्वेक्षण अपूर्ण' असा भरणे ही पूर्ण कामगिरी होय, असा लेखी हुकूम प्रत्येक चौकीवर असावयास हवा.

शासनाला निरंक पचवता येतो याची उदाहरणे आहेत. २०१८ च्या अहवालात बक्सा, डम्पा आणि पालामाऊ या तीन व्याघ्र प्रकल्पांत वाघ आढळला नाही असे स्पष्ट छापले गेले, आणि त्यामुळे आकाश कोसळले नाही. बक्सात तर २०२१ च्या डिसेंबरात कॅमेऱ्याने वाघ टिपला. आपल्याच सह्याद्री प्रकल्पात मे २०१८ मध्ये एक वाघ छायाचित्रात आला, पुढे वर्षामागून वर्षे कॅमेरे कोरे राहिले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा एक नर तेथे उमटला. मधल्या कोऱ्या वर्षांच्या नोंदी कोणी आशेपोटी भरून काढल्या असत्या, तर या नव्या पाहुण्याच्या आगमनाला काहीच किंमत उरली नसती.

म्हणून आमच्या मागण्या भव्य नाहीत. गणनेच्या अहवालास एक परिशिष्ट जोडावे आणि त्यात नियतक्षेत्रवार, जी माणसे चालली त्यांची, रोजंदारीवरील वनमजुरांसह, नावे छापावीत. बीटाचा निष्कर्ष, त्याच बीटाच्या चौकीवर, मराठीत एका पानात लिहून परत यावा, जेणेकरून ज्याने लेंड्या मोजल्या त्याला त्यांचे पुढे काय झाले ते कळेल. आणि मासिक बैठकीत साहेबांनी ज्या बीटात वाघ आढळला त्याचे अभिनंदन खुशाल करावे, परंतु ज्याने निरंक लिहिला त्याच्याकडे खुलासा मागू नये; फारच शंका आली, तर बूट चढवून त्याच रेषेवरून एकदा त्याच्याबरोबर चालून यावे.