मोबाईलच्या चार्जिंगचे माप



डेअरीत दूध घालताना आपण माप पाहतो, धान्य विकताना काटा पाहतो. मोबाईलमध्ये वीज किती गेली, हे मात्र कोणी मोजत नाही. रात्रभर लावूनही मोबाईल भरला नाही, की बॅटरी गेली असे समजून आपण दुकान गाठतो. बाजारभाव, हवामानाचा अंदाज, बँकेचा निरोप सारे आता मोबाईलवर येते, त्यामुळे तो अडून चालत नाही. परंतु पुष्कळदा दोष बॅटरीत नसून वायरीत किंवा चार्जरमध्ये असतो. तो ओळखण्यासाठी यूएसबी मीटर उपयोगी पडतो. चार्जर आणि वायर यांच्यामध्ये बसणारे हे बोटभर उपकरण आहे.

पाण्याची पाइपलाइन डोळ्यांसमोर आणा. व्होल्ट म्हणजे दाब, अँपिअर म्हणजे प्रवाह आणि दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅट. 5 व्होल्ट व 2 अँपिअर म्हणजे 10 वॅट. लांब, बारीक पाइपात पाण्याचा दाब पडतो, तसाच बारीक तारेच्या वायरीत विजेचा पडतो.

मीटर घेताना या गोष्टी पाहाव्यात :

1) आपल्या चार्जरचे तोंड चपटे जुन्या पद्धतीचे आहे की टाइप-सी, ते पाहून त्याच जोडाचा मीटर घ्यावा.

2) जलद चार्जर 9, 12, काही 20 व्होल्टपर्यंत जातात. केवळ 5 व्होल्टचा मीटर तेथे बिघडू शकतो. निदान 20 व्होल्ट व 5 अँपिअर सोसणारा घ्यावा.

3) मीटर मध्ये बसवल्यावरही जलद चार्जिंग चालू राहते ना, याची दुकानातच खात्री करावी.

4) एकूण किती वीज गेली, ते वॅट-तासात दाखवणारा असावा. रंगीत पडद्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

आता तपासणी. मोबाईल 20 ते 30 टक्के भरलेला असताना, पडदा बंद ठेवून आकडे पाहावेत. भरत आलेला मोबाईल आपोआपच कमी वीज ओढतो, त्यावरून निष्कर्ष काढू नये. खताचा प्रयोग घेताना आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो. येथेही तसेच करावे. आधी फक्त वायर बदला. वॅट वाढले, तर दोष वायरीचा. नाही वाढले, तर जुनी वायर लावून चार्जर बदला.

पॉवर बँकेबाबत एक हिशेब ध्यानात ठेवा. वर 10,000 एमएएच लिहिलेले असते, ते आतल्या 3.7 व्होल्टच्या बॅटरीचे माप, म्हणजे 37 वॅट-तास. बाहेर 5 व्होल्टवर ते 7,400 होतात आणि तूट जाऊन सुमारे 6,000 हाती येतात. एवढे मिळाले, तर फसवणूक झाली असे समजू नये. तीन हजारच मिळाले, तर माल परत करावा.

दोन सूचना. हा मीटर घरातील 230 व्होल्टच्या विजेसाठी नाही. आणि बॅटरी फुगली असेल, तर मोजमाप करत न बसता चार्जिंग ताबडतोब बंद करावे.

घरात एकच मोबाईल असेल, तर खरेदीची घाई नको. आधी शेजाऱ्यांची चांगली वायर लावून पाहा. चार-पाच मोबाईल असलेल्या घरात किंवा बचत गटात मिळून एक मीटर पुरतो.