ट्रॅक्टरमागील जुंपणी : एक उपेक्षित काम

बैल जुंपण्यापूर्वी शेतकरी जू निरखून पाहतो, शिवळ झिजली असेल तर बदलतो, जोत्याचा पट्टा ओढून पाहतो आणि बैलाच्या खांद्यावरून एकदा हात फिरवितो. ही दक्षता त्याला कोणी वर्ग भरवून शिकविलेली नाही. वडिलांनी केले ते मुलाने पाहिले, एवढेच तिचे शिक्षण. पण त्याच घरी ट्रॅक्टर आला आणि त्यामागे आठ-दहा टन उसाची ट्रॉली जोडण्याची वेळ आली, की हे काम बहुधा एखाद्या पोराकडे किंवा कालच आलेल्या मजुराकडे सोपविले जाते. भोकात हाताला लागेल ती लोखंडी वस्तू जाते. घरबांधणीतून उरलेली सळई, जुना बोल्ट, क्वचित पहारीचा तुकडासुद्धा! बैलाच्या जुंपणीस आपल्याकडे जो मान आहे, तो यंत्राच्या जुंपणीस अद्याप मिळालेला नाही. रस्त्यावर जे अनर्थ टाळता येण्यासारखे असतात, त्यांतील कित्येकांचे मूळ या अनास्थेत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पिन ही क्षुल्लक वस्तू नव्हे. साऱ्या ओझ्याची ओढ तिच्या एवढ्याशा जाडीवर पडते. आणि ही ओढ एकसारखी नसते, खड्ड्याखड्ड्याला हिसके बसतात. भोक मोठे आणि पिन बारीक असली की प्रत्येक हिसक्याला ती आत आपटते, भोक लांबट होते आणि पिन मधोमध झिजते. बोल्टाचे आटे म्हणजे कापलेल्या खाचाच. तो तुटतो तो प्रायः तेथेच. तुटलेली पिन वेल्डिंग करून पुन्हा वापरणे म्हणजे पैसा वाचविणे नव्हे. भोकाला नेमकी बसणारी, टणक पोलादाची, वर डोके असलेली पिन वापरावी आणि खालच्या टोकास अडकवणीची किल्ली घालावी. किल्लीवाचून पिन उडून वर येते. किल्लीच्या जागी तारेचा वेढा किंवा सुतळी चालणार नाही. याशिवाय ट्रॉलीच्या दांडीखालून ट्रॅक्टरपर्यंत एक मजबूत साखळी असावी. वळणापुरती सैल, पण जमिनीवर न घासणारी. पिन दगा देईल तेव्हा ट्रॉली मोकाट सुटू नये, एवढेच तिचे काम.

ओढण्याची वस्तू कोठे जोडावी, याविषयी तर मुळीच तडजोड नाही. तिची जागा ड्रॉबार हीच. चिखलात ट्रॉली रुतली, की चाकांना पकड यावी म्हणून साखळी वरच्या दांडीच्या खुंटीला किंवा आसाला बांधण्याची युक्ती काही जण सांगतात. ही युक्ती प्राणघातक आहे. ओढ मागच्या आसाच्या मध्याहून वर लागली, की पुढची चाके उचलली जातात आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ट्रॅक्टर मागे उलथतो. चालकाला क्लच दाबण्याइतकाही अवधी मिळत नाही. हा धोका नवीन नाही. १९१७ पासून कारखान्यातून निघू लागलेल्या फोर्डसन ट्रॅक्टरचा नांगर खडकात अडकला की तो असाच मागे उलटे, म्हणून त्याची अपकीर्ती झाली होती. हॅरी फर्ग्युसन यांनी पुढे जी तीन सांध्यांची जोडणी प्रचारात आणली, तिने या दोषावरही उपाय केला. ती जोडणी आज आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांवर आहे. तिचा वरचा सांधा मात्र उचलून धरलेल्या औजारांसाठी आहे, रुतलेली ट्रॉली ओढण्यासाठी नव्हे.

प्रत्यक्ष जोडताना घाई होते, आणि माणूस चिरडतो तो याच वेळी. ट्रॅक्टर मागे येत असताना दांडी हाताने उचलून धरून मध्ये उभे राहणे ही आपल्याकडची सर्रास रीत आहे. ती सोडलीच पाहिजे. ट्रॉलीच्या चाकांना पुढे-मागे दगड लावावेत, दांडी टेकणावर ठेवावी. खुणा करणाऱ्याने चालकाला दिसेल असे बाजूस उभे राहावे. भोकावर भोक आले म्हणजे ट्रॅक्टर थांबवून, गियर काढून, हँडब्रेक ओढून मगच पिन घालावी. निघण्यापूर्वी चालकाने स्वतः खाली उतरून ती पाहावी. दुसऱ्याने "घातली" म्हटले, एवढ्यावर भागवू नये.

रस्त्यास लागताच ब्रेकचे दोन्ही पाय पट्टीने एकत्र अडकवावेत. शेतात वळण्यासाठी ते वेगळे ठेवलेले असतात. रस्त्यावर भरल्या ट्रॉलीसह एकच ब्रेक दाबला गेला तर ट्रॅक्टर आडवा होतो. उतारावर डिझेल वाचविण्यासाठी गियर काढणारे चालक आहेत. त्या बचतीचा हिशेब आम्हास कधीच समजलेला नाही. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर तिचे सारे वजन ट्रॅक्टरला पाठीमागून ढकलीत असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर सुमारे चौपट होते. एका आसाच्या ट्रॉलीत माल किंचित पुढे झुकता भरावा. मागे फार भरला तर दांडी वर उठू पाहते आणि ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात. चालकाशिवाय कोणीही दांडीवर वा मडगार्डवर बसू नये, मग तो घरचा असो की पाहुणा.

गळिताच्या हंगामात एकामागे दोन ट्रॉल्या जोडतात. कारखान्याच्या खेपा कमी होतात हे खरे. भाडे वाचते हेही खरे. परंतु दुसरी ट्रॉली चालकाला धड दिसत नाही, तिची पिन त्याच्या नजरेआड असते आणि पहिलीचा प्रत्येक हेलकावा दुसरीस वाढीव मापाने पोहोचतो. चढ-उताराच्या किंवा अरुंद रस्त्यावर ही पद्धत आम्हास मान्य नाही. तोडणीवाल्या टोळीला आणि वाहतूकदाराला उचल देताना मालकाने ही अट आधीच घालावी. खळ्यावर आल्यावर वाद घालून उपयोग नाही.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाही येथे एक शब्द सांगणे प्राप्त आहे. आपण नांगराची खोली दाखवितो, पेरणीयंत्रातून खताचे माप किती पडते ते दाखवितो. परंतु ते औजार जोडावे कसे, हे प्रात्यक्षिकात कितीदा दाखवितो? औजार आधीच जोडून ठेवलेले असते आणि पाहणारे त्याच्याभोवती गोळा होतात. यापुढे जोडणीपासूनच सुरुवात करावी. गावातील चार-पाच ट्रॉल्यांच्या पिना काढून त्या तेथेच मांडाव्यात आणि झिजलेली पिन नव्या पिनेशेजारी ठेवावी. अधिक बोलावे लागणार नाही.

रात्रीच्या वाहतुकीविषयी एक गोष्ट राहिली. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक असतात, पण बाहेर लोंबणाऱ्या उसाने ते झाकून जातात. मोळ्या बांधून झाल्यावर एकाने वीस-पंचवीस पावले मागे जाऊन ते दिसतात की नाही, हे पाहावे. ट्रॉली रस्त्यात बंद पडली तर चाकांना लावलेले दगड दुरुस्तीनंतर तेथेच टाकून निघून जाऊ नये. पहाटेच्या अंधारात दूध घेऊन निघालेल्या मोटारसायकलवाल्याला ते दिसत नाहीत.