हलक्या काठीची किंमत मासा मोजतो

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन आणि ओरेगनच्या नद्यांवर स्टीलहेड पकडायला जाणाऱ्यांमध्ये एक समजूत घट्ट बसलेली आहे. काठी जितकी नाजूक आणि लाइन जितकी बारीक, तितका माणूस खिलाडू. ‘सहा पौंडांच्या लाइनवर अर्धा तास खेळवला’ हे वाक्य छाती फुगवून सांगितलं जातं, आणि ऐकणारे वाहवा करतात. पुढे पैसे साठवून खास स्वतःसाठी रॉड बांधून घ्यायची वेळ येते तेव्हा हीच समजूत ऑर्डरमध्ये उतरते. सगळ्यात हलका ब्लँक द्या, सगळ्यात महाग ग्रॅफाइट द्या, हातात पिसासारखा वाटला पाहिजे.

माझं म्हणणं सरळ आहे. जो मासा जिवंत परत सोडायचा आहे, त्याच्यासाठी असा रॉड बांधून घेणं याला खिलाडूपणा म्हणू नये. ही हाव आहे. मांसाची हाव कायद्याने बंद केली, म्हणून ती थराराकडे वळली एवढंच.

हा मासा कोण?

स्टीलहेड म्हणजे मुळात रेनबो ट्राउट. शास्त्रीय नाव दोघांचं एकच, ऑन्कोऱ्हिंकस मायकिस. काही ट्राउट जन्मभर नदीतच राहतात. काही समुद्रात जातात, तिथे खाऊनपिऊन दांडगे होतात आणि अंडी घालायला नदीत परततात. ते स्टीलहेड. पॅसिफिकमधले बहुतेक सामन एकदा अंडी घातली की मरतात. स्टीलहेडचं तसं नाही. तो पुन्हा समुद्रात जाऊ शकतो आणि पुन्हा नदीत येऊ शकतो. असे दुसऱ्यांदा येणारे थोडेच असतात, आणि त्यांत माद्या जास्त. एका मादीच्या पोटात काही हजार अंडी असतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वॉशिंग्टनने १९६९ साली स्टीलहेडला राज्याचा मासा केलं. २००७ साली प्युजेट साउंडच्या नद्यांमधला स्टीलहेड संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली आला. ऑलिम्पिक द्वीपकल्पातल्या हो, सोल डक, बोगाशिएल या नद्या त्या मानाने बऱ्या समजल्या जायच्या. पण तिथेही २०१६ पासून नदीत जन्मलेला स्टीलहेड घरी नेता येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये तर किनारपट्टीच्या नद्यांवर होडीतून गळ टाकायला आणि आमिष लावायलाही बंदी आली.

मासा नदीत जन्मलेला की हॅचरीतला, हे ओळखायला सोपं असतं. हॅचरीतल्या पिल्लांचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला असतो. तो पर शाबूत दिसला की मासा सोडायचा, आणि सोडताना पाण्याबाहेर पूर्ण काढायचाही नाही, असा वॉशिंग्टनचा नियम आहे. कोकणात कुणी गरवायला गेलं की संध्याकाळी घरी एकच प्रश्न असतो, काय मिळालं? या नद्यांवर तो प्रश्न बहुतेक वेळा उरलेलाच नाही. सिअ‍ॅटल-पोर्टलंडला नोकरीसाठी गेलेल्या आणि शनिवार-रविवारी हा नाद लागलेल्या मराठी पोरापोरींनीही हे आधी समजून घ्यावं. इथे मासा घरी येत नाही. तो तुमच्या हातून निघून जातो, आणि कुठल्या अवस्थेत जातो ते तुमच्या काठीवर बरंचसं ठरतं.

माशाच्या अंगात काय होतं

गळाला लागलेला मासा स्नायूंतली सगळी शक्ती एकदम खर्च करतो. रक्तात आम्ल साठतं, दम तुटतो. १९९२ साली फर्ग्युसन आणि टफ्ट्स या कॅनडातल्या दोन संशोधकांनी रेनबो ट्राउटना पार थकेपर्यंत पळवलं. नुसत्या थकलेल्यांपैकी १२ टक्के मेले. थकल्यावर ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के मेले. एक मिनिट धरलेल्यांपैकी ७२ टक्के. हे प्रयोगशाळेतले मासे होते. थंड नदीत पकडून सोडलेल्या स्टीलहेडवर पुढे जे अभ्यास झाले, त्यांत मृत्यूचं प्रमाण याच्यापेक्षा बरंच कमी दिसलं. तेव्हा ७२ हा आकडा कुणाच्या तोंडावर फेकायची गरज नाही. पण मासा जितका जास्त थकतो तितकं त्याचं सावरणं अवघड होतं, पाणी कोमट असेल तर आणखी अवघड, याबद्दल दुमत नाही.

आता तो अर्धा तास पुन्हा आठवा. ती बढाई माशाच्या रक्तातल्या आम्लाची आहे.

ड्रिफ्ट फिशिंगला काय लागतं

शब्दावरून होडी डोळ्यांसमोर येते, पण ड्रिफ्ट फिशिंगला होडी लागत नाही. काठावर किंवा गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरकी फेक करायची. लाइनला शिशाची छोटी कांडी, तिच्यापुढे दोन-तीन फुटांचा लीडर, मग गळ, गळाजवळ रंगीत तरंगता मणी आणि लोकरीचा पुंजका. शिसं तळाच्या गोट्यांवर टक, टक, टक करत प्रवाहाबरोबर खाली येतं. वजन जास्त झालं तर अडकतं. कमी झालं तर माशाच्या डोक्यावरून निघून जातं. स्टीलहेड बऱ्याचदा हिसका देतच नाही. टकटक थांबते, लाइन क्षणभर जड होते, बस्स. हे थांबणं ज्याच्या बोटांना कळलं त्याला मासा मिळाला.

म्हणून या कामाच्या रॉडला दोन विरुद्ध गुण हवेत. शेंडा इतका हळवा की गोटा आणि मासा यांतला फरक कळावा. आणि खालचा भाग इतका दमदार की तीन-चार किलोचा मासा प्रवाहात उलटा फिरला तर त्याला वळवता यावं. दुकानातल्या तयार रॉडमध्ये हे दोन्ही मिळतं, पण तडजोडीने. खास बांधून घ्यायचं खरं कारण एवढंच की ही तडजोड तुमच्या नदीसाठी आणि तुमच्या हातासाठी करता येते. लोक मात्र पहिल्या गुणावर सगळे पैसे लावतात आणि दुसरा विसरतात.

लांबीचंच घ्या. ड्रिफ्टसाठी साधारण नऊ ते साडेनऊ फूट लांबी बरी, कारण लाइन पाण्यावर पडू न देता उचलून धरता येते. पण काठी म्हणजे तरफ, आणि तिचं लांब टोक माशाकडे असतं. हाताचा जोर तोच ठेवून काठी लांब केली तर माशावर पडणारा ताण कमी होतो. ग्रेट लेक्सकडे दहा फुटांहून लांब, लवलवते ‘नूडल’ रॉड आणि अगदी बारीक लाइन वापरायची एक परंपरा आहे. तिथले स्टीलहेड १९व्या शतकात पॅसिफिककडून नेऊन सोडलेले. त्या तलावांवरची हौस जशीच्या तशी उचलून हो नदीवर आणायची, जिथे नदीत जन्मलेली प्रत्येक मादी मोजली जाते, याला काय म्हणावं?

लांबी हवी असेल तर खालच्या तिसऱ्या भागात ताकद मागा. चांगला ब्लँक ताण वाढेल तसा शेंड्याकडून मुठीकडे वाकत येतो. तो वाकला की तरफ आपोआप आखूड होते आणि मासा काठीच्या जाड भागाशी झुंजतो. काठी डोक्यावर उभी न धरता खाली, आडवी धरली तर हा जोर पुरा वापरता येतो. हिवाळ्यातल्या मोठ्या नदीसाठी ८ ते १२ पौंडांच्या लाइनचा रॉड ही माझ्या मते खालची मर्यादा. पाणी भरलेलं आणि मासे मोठे असतील तर १० ते १५ पौंडांचा घ्यायला लाजू नये.

मॉड्युलसचा बाजार

ब्लँक म्हणजे मूठ, रीलची बैठक, कड्या काहीही न लावलेली नुसती पोकळ काठी. तो विकताना ‘मॉड्युलस’ हा शब्द मंत्रासारखा म्हटला जातो. मॉड्युलस म्हणजे कार्बनच्या धाग्याचा ताठपणा. धागा जास्त ताठ असेल तर तेवढ्याच ताकदीसाठी माल कमी लागतो, काठी हलकी होते आणि टकटक स्वच्छ कळते. इथवर खरं आहे. पण भिंत पातळ झाली की काठी धक्क्याला नाजूक होते. खडकावर आपटली, शिसं येऊन लागलं, की तडा. आणि काठी मोडेल ही धास्ती मनात असलेला माणूस माशावर जोर लावत नाही. महाग रॉडवाला जास्त वेळ मासा खेळवतो त्याचं एक कारण हेही आहे.

ब्लँकवर छापलेली आयएम-६, आयएम-७, आयएम-८ ही नावं प्रतवारी नाहीत. एका धागा बनवणाऱ्या कंपनीची ती व्यापारी नावं आहेत. धागा कुठला यापेक्षा तो कसा गुंडाळला, राळ कुठली, भिंतीची जाडी कुठे किती, याने काठी घडते. मोबाइलचे मेगापिक्सेल मोजून फोटो चांगला येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

मग मोजायचं कसं? दुकानात काठी हवेत हलवून तर काहीच कळत नाही, नुसता शेंडा हलतो. विल्यम हॅनमन यांनी सुचवलेली एक पद्धत रॉड बांधणाऱ्यांमध्ये चालते. तिचं नाव ‘कॉमन सेंट्स’. काठी आडवी बांधायची, शेंड्याला पिशवी लटकवायची आणि शेंडा काठीच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत पिशवीत एक सेंटची नाणी टाकत राहायची. जितकी नाणी, तितकी ताकद. खर्च दीड-दोन डॉलरच्या चिल्लरीचा, आणि दोन ब्लँकची तुलना कुठल्याही छापील आकड्यापेक्षा प्रामाणिक. बांधणाऱ्याला हे करून दाखवायला सांगा. तो कुरकुरला तर दुसरा शोधा.

हलकेपणा हवाच असेल तर तो शेंड्यावर मागा. टोकाकडच्या कड्या छोट्या आणि हलक्या घ्या, कारण तिथला एकेक ग्रॅम टकटक बोथट करतो. कड्या किती आणि कुठे, हे काठी ताणाखाली वाकवून ठरवून घ्या. कड्या कमी पडल्या तर वाकलेल्या काठीला लाइन घासते आणि ताण सगळीकडे सारखा वाटला जात नाही. मुठीची लांबी तुमच्या कोपरापर्यंतच्या हाताने मोजून घ्या, आणि मोजताना अंगात पावसाळी जाकीट असू द्या, कारण इथले हिवाळे भिजत काढायचे असतात. दोऱ्याचा रंग आणि मुठीजवळचं नाव शेवटी ठरवा. बहुतेक गिऱ्हाइकं तिथूनच सुरुवात करतात.

‘पण...’

पहिला आक्षेप असा येतो, की दणकट काठीने गळ तोंडातून फाटून निघतो, लीडर तुटतो. सरसकट ताठ काठीने तसं होतं, म्हणून तर शेंडा मऊ हवा. मऊ शेंडा आणि दमदार बूड एकाच काठीत बसवता येतं, आणि तेवढ्यासाठीच तर रॉड बांधून घ्यायचा.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. स्टीलहेड धरणांनी मारले, जंगलतोडीने मारले, हॅचऱ्यांनी बिघडवले, समुद्र तापला. एका काठीने काय फरक पडणार? धरणांचं अगदी खरं. एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये पाडली, आणि शंभर वर्षं अडलेले मासे पुन्हा वरच्या पाण्यात जाऊ लागले. एवढं काम कुठलाही रॉड करणार नाही. पण धरण पाडायला राज्यकर्ते लागतात, दशकं लागतात. काठी या महिन्यात बांधून होते. आणि कळप जितका लहान होत जातो, तितकी हजारो अंड्यांची एक मादी महाग होत जाते. वुडलँड या छोट्या गावात जगप्रसिद्ध ग्रॅफाइट रॉड बनवणाऱ्या गॅरी लूमिस यांनी पुढे लुईस नदीतल्या माशांसाठी ‘फिश फर्स्ट’ ही संस्था उभी केली. काठी आणि नदी यांत त्यांना एकच निवडावं लागलं नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात टोकदार आहे. एवढी कळकळ असेल तर मासा पकडताच कशाला? १८५०च्या दशकातल्या तहांनी इथल्या आदिवासी जमातींचा मासेमारीचा हक्क मान्य केला, आणि १९७४ च्या बोल्ट निकालाने पकडण्याजोग्या माशांतला निम्म्यापर्यंत वाटा त्यांचा ठरवला. त्यांच्यातल्या अनेकांना पकडून सोडणं हा अन्नाशी केलेला पोरखेळ वाटतो. या म्हणण्याला माझ्याकडे खोडून काढणारं उत्तर नाही. एवढंच म्हणतो, की हिवाळ्यात त्या थंड पाण्यात उभी राहणारी माणसंच नदीचा गाळ, पाण्याची पातळी, रिकामे डोह आधी पाहतात आणि सभेत जाऊन बोलतात. ती माणसं नदीवर असावीत. पण मग खेळ त्यांनी लवकर संपवावा.

तेव्हा रॉड बांधणाऱ्यासमोर बसाल तेव्हा ‘हातात कसा वाटतो’ हा प्रश्न थोडा मागे ठेवा. आधी विचारा की फेब्रुवारीत, भरलेल्या हो नदीत, पर शाबूत असलेली पाच किलोची मादी या काठीवर किती मिनिटांत माझ्या पायापाशी येईल, आणि गळ काढल्यावर स्वतःच्या जोरावर पोहत जाईल का? ज्या ब्लँकचं उत्तर कमी मिनिटांचं असेल तो घ्या, मग तो तराजूवर वीस ग्रॅम जड भरला तरी चालेल.