औषधाआधी चर काढा : मुळालाही हवा लागते



मोठी उघडीप पडते, मग एका रात्रीत जोराचा पाऊस होतो आणि दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडतं. अशा वेळी भारी रानातली कपाशी अचानक माना टाकते. पानं लोंबतात, पाते-फुलं गळतात. सगळे म्हणतात "मर आली" आणि गाडी काढून कृषी सेवा केंद्र गाठतात. तिथून बुरशीनाशक येतं, टॉनिक येतं, जोडीला आणखी एखादी बाटली येते. रानात मात्र पाणी तसंच साचलेलं असतं.

माझं स्पष्ट मत आहे, अशा वेळी पहिला खर्च औषधाचा नको, खोऱ्या-फावड्याचा हवा. कारण पुष्कळदा ती बुरशीची मर नसतेच. झाडाचं मूळ गुदमरलेलं असतं. याला आकस्मिक मर म्हणतात.

आपण शाळेत शिकलो की झाड पानातून कार्बन डायऑक्साईड घेतं आणि ऑक्सिजन सोडतं. ते खरंच आहे. पानावर बारीक छिद्रं असतात, बहुतेक पिकांत खालच्या बाजूला जास्त. दिवसा ती उघडतात, हवा आत जाते आणि वाफ बाहेर पडते. मुळानं ओढलेल्या 100 लिटर पाण्यातलं 95 लिटरपेक्षा जास्त पाणी असंच हवेत जातं. पण जमिनीखाली काय चालतं ते आपल्या डोक्यात राहत नाही. मुळाला ऊन नाही, हिरवा रंग नाही, ते स्वतः अन्न करत नाही. त्याला रात्रंदिवस ऑक्सिजन घ्यावा लागतो आणि कार्बन डायऑक्साईड सोडावा लागतो, अगदी आपल्यासारखा.

ही हवा मातीच्या पोकळ्यांत असते. चांगल्या जमिनीत निम्मी जागा मातीची, पाव पाण्याची आणि पाव हवेची असते. आपले वाडवडील यालाच वाफसा म्हणायचे. पोकळ्या पाण्यानं भरल्या की हवा बाहेर जाते. पाण्यातून ऑक्सिजन सरकायचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट कमी असतो. मुळाजवळ असलेला ऑक्सिजन थोड्या वेळात संपतो आणि नवा पोचत नाही. मग मुळात पाणी ओढायची ताकद राहत नाही. वर ऊन तापतंय, पानातून वाफ चाललीय, खालून पुरवठा बंद. म्हणून कपाशी पाण्यात उभी राहून तहानेनं सुकते.

कोणी म्हणेल, भात कसा पाण्यात राहतो? भाताच्या खोडात-मुळात हवेच्या पोकळ नळ्या असतात, वरची हवा त्यातून खाली जाते. कपाशी, तूर, सोयाबीनला तशी सोय नाही.

सोयाबीनचंही तेच. पाणी साचलं की पिवळं पडतं आणि आपण युरिया फेकतो. त्याच्या मुळावरच्या गाठी मातीतल्या हवेतलाच नत्र धरतात. हवाच नाही तर गाठी काम काय करणार? शिवाय साचलेल्या पाण्यात जमिनीतला काही नत्र वायू होऊन उडून जातो. तिथं आणखी युरिया फेकला तर त्यातलाही काही भाग त्याच वाटेनं जायचा.

ओळखायचं कसं? सुकलेल्या झाडाचं खोड उभं चिरून बघा. आत तपकिरी रेषा दिसल्या तर बुरशीची शंका घ्या. खोड आतून स्वच्छ असेल आणि झाडं एकाएकी सुकली असतील तर आधी पाणी काढा. पाणी निघालं आणि रान वाफशावर आलं की हलकी कोळपणी करा. विद्यापीठाच्या शिफारशीची आळवणी त्यासोबत जरूर करा, लवकर करा, पण पाणी तुंबलेलं ठेवून नको.

आणि आता खरी अडचण. चर काढायचा म्हटलं की प्रश्न येतो, पाणी सोडायचं कुठं? खालचा शेजारी बांध अडवतो. त्याचंही चूक नाही, त्याचं रान कोण बुडवून घेईल? जुन्या नाल्या, ओघळी आपण सगळ्यांनीच नांगरून रानात घेतल्या. अर्ध्या गुंठ्याच्या लोभात दोन-दोन एकर पीक गुदमरतं. हे एकट्याचं काम नाही. मे महिन्यात शिवारातल्या चार-पाच जणांनी बसून वाट ठरवली आणि डिझेलचा खर्च वाटून घेतला तर एका दिवसात जेसीबीनं नाली मोकळी होते. रुंद वरंबा-सरीवर पेरलं तर जास्तीचं पाणी सरीतून निघतं आणि मूळ वर हवेशीर राहतं.

कृषी सहाय्यक आणि विद्यापीठातल्या साहेबांना पण एक विनंती. शेतीशाळेत औषधाचं प्रमाण सांगता, ते चांगलंच आहे. त्याआधी पाच मिनिटं मूळ उपटून दाखवा. पांढरं मूळ कसं असतं आणि काळं पडून वास मारणारं कसं असतं, हे एकदा हातात धरलं की माणूस विसरत नाही.

तुमच्या शिवारात पाण्याची वाट कोणी अडवलीय की सगळ्यांनी मिळून काढलीय? कमेंटमध्ये लिहा. जमलेल्या गावांचं बघून बाकीच्यांना धीर येईल.